घराची भाषा कोणती?

अमेरिकेतील सरकारी शाळेत मुलाचे नाव घालताना जे अर्ज भरावे लागतात, त्यांत एक साधा प्रश्न असतो : घरी कोणती भाषा बोलली जाते? पुण्या-नाशिकहून न्यू जर्सीत गेलेले मराठी दांपत्य या प्रश्नापाशी थबकते. ‘मराठी’ लिहिले, तर मुलाची इंग्रजीची चाचणी होईल, त्याला वेगळ्या वर्गात बसवतील, अशी कुजबुज कानावर आलेली असते. मग रकान्यात ‘इंग्रजी’ लिहिले जाते. त्या दिवशी ते असत्य असते. दोन-तीन वर्षांत ते सत्य होते.

परदेशात संसार थाटण्याच्या इतर अडचणींचा बाऊ करण्याचे कारण नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठीची धावपळ, वाहन चालवण्याचा परवाना, फोडणी दिली की किंचाळणारा धुराचा अलार्म, पहिल्या बर्फात घसरणारी पावले, हे सारे वर्षभरात अंगवळणी पडते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय किराणा मिळतो. देवघर मांडले जाते, गणपती बसतो. फसगत होते ती येथेच. देवघर आहे म्हणजे संस्कार आहेत, असे समाधान मानले जाते. आरती मात्र रोमन लिपीतील कागदावरून म्हटली जाते.

मॉरिशसचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांनी गणपती इतक्या निष्ठेने जपला की, आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण घरोघरी बोलली जाते ती मुख्यतः क्रिओल. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या त्या पूर्वजांना निवडीची मुभा फारशी नव्हती. न्यू जर्सीतील संगणक अभियंत्याला ती आहे.

‘मुलाला आता इथेच राहायचे आहे, मग मराठीचा हट्ट कशाला?’ असा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. त्याचा पायाच कच्चा आहे. एच-1बी व्हिसाची मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षे. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला असेल तर ती वाढते. मात्र कोणत्याही एका देशाच्या वाट्याला नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी सर्वसाधारणपणे सुमारे 7 टक्क्यांहून अधिक येत नाहीत, आणि त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. चौथ्या वर्षी तेथे गेलेले मूल 21 वर्षांचे झाले की, आईवडिलांवर अवलंबून असलेला त्याचा व्हिसा सामान्यतः संपतो. तोवर कार्ड हाती आले नसेल, तर विद्यार्थी म्हणून किंवा अन्य मार्गाने नवा व्हिसा मिळवणे अथवा देश सोडणे भाग पडते. तो परततो, त्या घरात आजीशी चार वाक्ये बोलायची त्याची तयारी नसते.

ही जबाबदारी कुणाची? बहुतेक घरांत ती आईवर ढकलून मोकळे होतात. पतीच्या व्हिसावर गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रीला 2015पर्यंत तेथे नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षी ती मिळाली, तीही पतीच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच. स्वतःचे शिक्षण बाजूला ठेवून घरात बसलेल्या या स्त्रीने एकटीने भाषा आणि संस्कृतीही सांभाळावी, अशी अपेक्षा करणे हा मातृशक्तीचा गौरव नव्हे. आईने दुपारी बाराखडी गिरवून घ्यावी आणि वडिलांनी रात्री जेवताना ‘हाऊ वॉज स्कूल?’ विचारावे, अशाने काय साधणार?

1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नाने अनेक गावी मराठी शाळा भरतात. बालगोकुलमचे वर्गही चालतात. कार्यकर्ते सुट्टीचा दिवस खर्चून हे करतात, त्यांचे मोल मोठे आहे. पण आठवड्यातील तास-दोन तास उरलेल्या सहा दिवसांची भरपाई करू शकत नाहीत.

आणि दोष केवळ तिकडच्यांचा नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातू अमेरिकन ढंगात काही बोलला की, इकडे आजोबांचा ऊर भरून येतो. शेजाऱ्यांना बोलावून ते ऐकवले जाते. आजीही मोडक्या इंग्रजीत उत्तर देऊ लागते. तिने तसे करू नये. नातवाला मराठी शब्द सापडेपर्यंत तिने थोडे थांबावे; अडला तर शब्द सुचवावा, आणि पुन्हा थांबावे.