जाहिरातदार रुसल्यावर आलेली जाग

अंगणात खेळणाऱ्या मुलीशी कोणी अनोळखी पुरुष सलगी करू लागला, तर घरातील वडीलधारी मंडळी हातातले काम टाकून बाहेर येतात. यूट्यूबच्या विस्तीर्ण अंगणात असे पुरुष निर्धास्त वावरत होते, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये जगाला दिसले. लहान मुलींनी खेळताना, पोहताना, कसरती करताना हौसेने काढलेल्या साध्या चित्रफिती. त्यांखाली विकृत प्रौढांचे अभिप्राय. कोणत्या क्षणी चित्रफीत थांबवून पाहावी, याची वेळही ते एकमेकांना कळवीत. एक चित्रफीत पाहिली की यूट्यूबची यंत्रणा तशाच आणखी दहा पुढे करी, आणि शेजारी नामांकित कंपन्यांच्या जाहिराती झळकत!

हे उघडकीस येताच नेस्ले, डिस्ने, एपिक गेम्स यांनी जाहिराती थांबविल्या. एटी अँड टी ही कंपनी तर २०१७ मधील जहाल मजकुराच्या वादानंतर दूर जाऊन जानेवारीत नुकतीच परतली होती. तिनेही पुन्हा पाठ फिरविली. महिना संपण्यापूर्वी यूट्यूबने अल्पवयीनांच्या बहुतेक चित्रफितींखालील अभिप्राय बंद केले. ही तत्परता नवी नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये मार्स, आदिदास आदींनी याच कारणास्तव जाहिराती काढून घेतल्या, तेव्हाही कंपनीची अशीच धावपळ झाली होती. त्याही आधी, २००५ मध्ये, याहूने वापरकर्त्यांनी उघडलेली गप्पांची दालने बंद केली, तीही एका अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्राच्या वृत्तानंतर पेप्सीसारखे जाहिरातदार निघून गेल्यावर. पालकांचा आक्रोश जेथे पोहोचत नाही, तेथे जाहिरातदाराचा रुसवा तत्काळ पोहोचतो.

अभिप्राय बंद झाले. शिफारस करणारी यंत्रणा मात्र सुरूच राहिली. मुलांच्या चित्रफितींची शिफारस सरसकट थांबविली तर त्या बनविणाऱ्यांचे नुकसान होईल, असे कंपनीचे म्हणणे पडले. प्रेक्षक जितका काळ खिळून राहील तितके जाहिरातीचे उत्पन्न वाढते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

या दुटप्पीपणाचा पुरावा सरकारी कागदपत्रांतच आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी या कायद्याच्या भंगाबद्दल १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्या प्रकरणाच्या तक्रारीत नमूद आहे की, खेळणी बनविणाऱ्या मॅटेलसारख्या कंपनीला, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यात आम्हीच अग्रेसर, असे सांगण्यात आले होते. आणि एका जाहिरात कंपनीला मात्र, आमच्याकडे तेरा वर्षांखालील प्रेक्षकच नाहीत, त्यामुळे तो कायदा लागू होत नाही, असे! गिऱ्हाईक म्हणून मूल दिसते, जबाबदारी म्हणून ते अदृश्य होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीची खबर पोलिसांना देण्याचे कर्तव्य टाळून कोणत्याही मध्यस्थ कंपनीला कायद्याच्या संरक्षणाआड लपता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेऊन त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली असून, मुलांविषयीच्या बंधनांच्या भंगासाठी दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. मात्र त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि या तरतुदींच्या अंमलबजावणीस आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. एवढ्या अवधीत एक मूल बालवाडीतून पहिलीत जाते.

तोवर बिस्किटे, खेळणी, शिकवण्या विकणाऱ्या आपल्याच उद्योजकांना एक प्रश्न विचारायला हवा. आपली जाहिरात गेल्या महिन्यात कोणत्या चित्रफितींशेजारी लागली, याचा हिशेब त्यांनी कधी मागितला आहे काय? पैसे त्यांचे आहेत, आणि अनुभव असा की हा हिशेब त्यांनी मागितला तरच मिळतो.