रिपोर्ट वाचून घाबरू नका, पण फाईलमध्ये ठेवून विसरूही नका

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर पाळीने काम करणाऱ्यांचे जेवण वेळी-अवेळी होते. त्यामुळे पोट दुखले की 'पित्त झाले' म्हणून दुकानातून गोळी आणली जाते. दुखणे थांबले नाही तर सी. टी. स्कॅन होतो आणि रिपोर्टमध्ये कधी कधी 'मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस' हे शब्द येतात. ते वाचून घरचे हवालदिल होतात.

याचा अर्थ समजून घेऊ. आतडी पोटात मोकळी लोंबत नाहीत. चरबीचा एक पडदा त्यांना पाठीकडच्या बाजूने धरून ठेवतो. आतड्यांच्या रक्तवाहिन्याही त्यातूनच जातात. या पडद्यातील चरबीला सूज आली की स्कॅनमध्ये ती धुरकट दिसते. पन्नाशी-साठीनंतर, विशेषतः पुरुषांत, हे अधिक आढळते. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ते सहज सापडते. नेमके कारण बहुधा कळत नाही. पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाड यांच्याशी त्याचा संबंध असू शकतो. त्रास नसेल तर औषधाचीही गरज नसते, डॉक्टरांच्या नजरेखाली राहणे पुरते.

मात्र चरबी धुरकट दिसण्यामागे दुसरे आजारही असू शकतात. आपल्याकडे पहिली शंका घ्यावी ती पोटाच्या क्षयाची. क्षय फक्त फुप्फुसाला होतो हा समज चुकीचा आहे. आतडी आणि त्यांच्या पडद्यातील गाठी यांनाही तो होतो. क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोगही निघतो. म्हणून वजन घटणे, संध्याकाळी ताप येणे, रात्री घाम सुटणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या होणे किंवा शौचातून रक्त जाणे, यांपैकी काहीही असेल तर तपासण्या पुऱ्या करून घ्या. क्षयाचे निदान व उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

सूज उतरावी म्हणून मनाने स्टेरॉईड घेणे तर फारच धोक्याचे आहे. या आजाराच्या काही रुग्णांना ते द्यावे लागते, हे खरे. पण आत क्षय असेल तर चार दिवस बरे वाटते आणि रोग मात्र पसरतो.

माझे मत स्पष्ट आहे. उपचार रुग्णाचा करायचा असतो, कागदाचा नव्हे. आम्ही डॉक्टरांनी रिपोर्टचा अर्थ रुग्णाला मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, त्याला कळेल त्या भाषेत सांगितला पाहिजे. आणि वाचकहो, तो अर्थ पुरता कळेपर्यंत आपणही खुर्चीवरून उठू नये.