प्लगची फट आणि थंडीतली सकाळ

लखनौच्या चारबाग स्टेशनाबाहेर जानेवारीत पहाटेची गाडी पकडायला गेला असाल, तर ते धुकं ठाऊक असेल. अशा सकाळी नातेवाइकांना आणायला आपण गाडीत बसतो, चावी फिरवतो, आणि इंजिन कुरकुरतं. चालू झालं तरी मिसिंग मारतं. शिव्या बॅटरीला बसतात. अनेकदा दोष थोडा बॅटरीचा आणि थोडा स्पार्क प्लगमधल्या फटीचा असतो.

ही फट म्हणजे प्लगच्या टोकाला मधला इलेक्ट्रोड आणि वरून वाकलेला बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते साधारण 0.7 ते 1.1 मिलिमीटर असतं. प्रत्येक ठिणगीबरोबर धातू किंचित झिजतो, म्हणून फट वाढत जाते. मोठ्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत बॅटरी अशक्त, त्यात स्टार्टर तिला आणखी दमवतो. मग कॉइलला पुरेसं बळ मिळत नाही आणि ठिणगी पडतच नाही. फट फार कमी असेल तर ठिणगी पडते, पण लहान. आयडलला इंजिन थरथरतं.

लखनौच्याच स्कूटर्स इंडियाच्या विजय सुपरवर ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना हे सांगायला नको. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळायचं, प्लग काळा व्हायचा, आणि रस्त्याकडेला पॉलिश पेपर काढून तो घासणं हा घरातल्या कर्त्या माणसाचा नेहमीचा उद्योग होता. तीच सवय आजच्या गाडीवर मात्र चालवू नका. इरिडियम किंवा प्लॅटिनम प्लगचं टोक बारीक आणि नाजूक असतं. घासलं की संपलं. त्यांची फट कारखान्यातूनच ठरून येते. ती चुकीची दिसली तर जोर लावण्यापेक्षा प्लग बदललेला बरा.

साध्या निकेल प्लगची फट मात्र घरी तपासता येते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात, आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरी उलटसुलट होणार नाहीत. जुन्या प्लगला सपाट पत्तीपेक्षा गोल तारेचं गेज बरं, कारण झिजून खड्डा पडलेल्या टोकावर पत्ती फट कमी दाखवते. तार किंचित अडखळत सरकली की माप बरोबर.

फट वाढवायची तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा, तोही गेजला असलेल्या खाचेने. मधल्या इलेक्ट्रोडला टेकून जोर दिलात तर आतली पांढरी चिनी माती तडकते, आणि ती चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही. कमी करायची तर इलेक्ट्रोड लाकडावर हलकेच टेकवत न्या, दर वेळी मोजत. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. पान्याने घाई करू नका.

काढलेल्या प्लगचा रंगही वाचा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळेपणा म्हणजे तेल आत येतंय, आणि पांढरंफटक टोक म्हणजे इंजिन तापतंय. शेवटच्या दोन्हींत फट जुळवून काही होणार नाही, मेकॅनिककडे जा.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून फट सहसा पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. बाहेरून किट बसवलं असेल तर बसवणाऱ्याला विचारा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

आणि चेक-इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर ‘पोहोचू कसेबसे’ म्हणून गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. पाहुण्यांना त्या दिवशी रिक्षाने येऊ द्या.