पाऊस तोंडावर आहे, काळ्या मातीवर कृत्रिम हिरवळ अंथरू नका

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथले बंगलेमालक आणि सोसायट्यांच्या कमिट्या यांना हे कळकळीचं आवाहन आहे. तुमच्या आवारात काळी माती असेल, सावलीमुळे तिथं गवत जगत नसेल आणि म्हणून तुम्ही कृत्रिम हिरवळीची ऑर्डर द्यायच्या बेतात असाल, तर या पावसाळ्यापुरती तरी थांबा. मे संपत आला आहे. ‘पावसाआधी उरकून टाकू’ असं ठेकेदार म्हणेल. त्या घाईतच सगळं बिघडतं.

ही मागणी का येते, ते मला समजतं. दोन इमारतींमधला पट्टा असो, उत्तरेकडची बाजू असो की आंब्याखालची जागा. तिथं हरळी किंवा मेक्सिकन लॉन कितीदाही लावा, दोन-तीन महिन्यांत विरळ होते. या गवतांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं असतं. मग पावसाळ्यात नुसता चिखल होतो, मुलांचे बरबटलेले पाय लिफ्टपर्यंत येतात आणि वार्षिक सभेत त्यावरून दरवेळी वाद होतो.

कृत्रिम हिरवळीला नाव मिळालं तेही उजेडाअभावीच. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं अॅस्ट्रोडोम हे छताचं स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झालं. छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, म्हणून छताची तावदानं रंगवली गेली आणि खालचं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथं प्लास्टिकचं गवत आलं. पण तिथं डोक्यावर छत होतं, पावसाचा थेंबही आत येत नव्हता. आपल्या आवारात जून ते सप्टेंबर आभाळ कोसळतं आणि खाली काळी माती असते.

ही माती आपल्या बेसॉल्ट खडकाची. तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. मेमध्ये ठेकेदार या भेगांवर मुरूम पसरतो, रोलर फिरवतो, वर गालिचा ताणून खिळे ठोकतो. फोटो छान येतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत भेगा मिटतात, माती फुगून वर येते आणि पाणी जिरणं जवळजवळ थांबतं. मुरूम चिखलात कालवला जातो, जोड उचकटतात, खळगे पडतात. दिवाळीनंतर माती पुन्हा आक्रसते आणि खळगे आणखी खोल होतात. उघड्या जागी ऊन निदान वरचं पाणी तरी सुकवतं, सावलीत तेही होत नाही.

एका सोसायटीत सप्टेंबरमध्ये माळ्याने अशा गालिच्याचं टोक उचलून दाखवलं. वरून हिरवंगार होतं. खाली काळपट, बुळबुळीत थर, कुजलेल्या पानांचा आणि मांजरांच्या मुताचा वास. आंब्याची बारीक मुळं मातीतून वर येऊन गालिच्याच्या पाठीला चिकटली होती. खाली हवा मिळत नाही म्हणून ती वर आली होती. कडेच्या खळग्यात स्वच्छ पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. तळमजल्यावर लहान मुलं आणि म्हातारी माणसं राहतात, हे कमिटीने विसरू नये.

झाडांचंही बघा. बुंध्याभोवती काँक्रीट नको, एक मीटर जागा मोकळी सोडा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिला, तो मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणूनच. दाबलेली खडी आणि वर प्लास्टिक यांनी मुळांची तशीच कोंडी होते. ज्या झाडाने सावली दिली, त्याचाच गळा आपण आवळायचा?

ऑर्डरआधी एक गोष्ट कराच. आवारात फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर ती जागा गालिच्याची नाही. टेकडीच्या उतारावर मुरूम लागला आणि पाणी झरझर उतरलं, तर गोष्ट वेगळी.

तरीही कुणाला घालायचीच असेल, तर दिवाळीनंतर, जमीन वाफशावर आल्यावर घाला आणि खालचं काम आधी नीट करून घ्या. झाडांपासून लांब, आठ-दहा इंच माती काढावी लागेल. तळाला जिओटेक्स्टाइल कापड हवंच, नाहीतर चिखल खडीत वर चढतो. त्यावर खडीचे दाबलेले थर, शंभर फुटांना एक-दोन फूट उतार, तोही इमारतीच्या पायापासून दूर, आणि छिद्रांचा पाइप थेट शोषखड्ड्यापर्यंत किंवा पावसाळी गटारापर्यंत. कोटेशनमध्ये चौरस फुटाचा दर बहुतेक वेळा नुसत्या गालिच्याचा असतो. हे सगळं त्यात लिहून मागा. पायाशी पाणी मुरलं तर काळी माती प्लिंथ आणि कंपाउंडची भिंतही उचलते, तडे जातात, आणि तो खर्च गालिच्याहून मोठा असतो.

माझं मत विचाराल तर सावलीत हिरवळीचा हट्टच सोडावा. सावलीत आनंदाने वाढणारी झाडं आपल्याकडे भरपूर आहेत: अडुळसा, हळद, नेचे, स्पायडर प्लांट, सिंगोनियम, ओलाव्याच्या जागी अळू आणि ब्राह्मी. मातीत कंपोस्ट आणि पालापाचोळा मिसळत राहिलात तर दोन-तीन वर्षांत ती भुसभुशीत होते. जिथं मुलं खेळतात तिथं मातीचा थर काढून खडी आणि वर बारीक कच पसरा. चालायच्या वाटेवर फरशा थोड्या थोड्या अंतरावर ठेवा, मधल्या फटींतून पाणी जिरू द्या. हा खर्च कमी आहे आणि पुढे काही वर्षांनी फाटक्या प्लास्टिकचा ढीग कुठे टाकायचा, हा प्रश्नही उरत नाही.

तुमच्या सोसायटीत ठराव झाला असेल तर या रविवारीच सेक्रेटरींना भेटा, खड्ड्याची चाचणी सगळ्यांसमोर करा आणि निकाल नोटीस बोर्डावर लावा. आगाऊ रक्कम दिली असेल तर काम दिवाळीनंतर ढकलायला ठेकेदाराला लेखी कळवा. पहिला पाऊस पडण्याआधी एवढं कराच.