क्रोन्सच्या आजारात दुर्बिणीची शस्त्रक्रिया : कोणावर आणि केव्हा?

पोटाचे ऑपरेशन म्हटले की रुग्णाचा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो, ‘दुर्बिणीतून होईल ना?’ पित्ताशय किंवा ॲपेंडिक्ससाठी बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असते. आतड्याच्या क्रोन्स या आजारात मात्र ते जेवढे सर्जनच्या कौशल्यावर ठरते, तेवढेच रुग्ण कोणत्या अवस्थेत त्याच्यापर्यंत पोहोचतो यावरही ठरते. शस्त्रक्रियेच्या धास्तीने ती पुढे ढकलत राहिल्यास ही अवस्था अनेकदा बिघडत जाते.

न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही तो होऊ शकतो. तरीही लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, ती जागा त्याच्या विशेष आवडीची. सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते. त्यातून आतडे अरुंद होते, गळू होते किंवा एका आतड्यातून दुसऱ्या आतड्यात, मूत्राशयात वा त्वचेवर उघडणारी वाट, म्हणजे फिश्चुला, तयार होते. आजारी भाग कापून काढला तरी आजार मुळापासून जात नाही. बऱ्याचदा जोडाजवळच तो पुन्हा डोके वर काढतो. म्हणून आधी स्टेरॉइड, मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, नंतर इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक इंजेक्शने आणि काहीच चालले नाही तर शस्त्रक्रिया, असा क्रम वर्षानुवर्षे रूढ होता.

नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील २९ रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीने या क्रमालाच प्रश्न विचारला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे १४३ रुग्ण त्यात होते. सर्वांचा आजार लहान आतड्याच्या टोकाशी, ४० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीत होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले गेले. एकाला इन्फ्लिक्सिमॅब दिले, दुसऱ्याची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या जीवनमानात ठळक फरक नाही. पुढे सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात औषध गटातील ४८ टक्के रुग्णांवर अखेर शस्त्रक्रिया करावीच लागली. शस्त्रक्रिया गटातील २६ टक्क्यांना नंतर इन्फ्लिक्सिमॅबच्या वर्गातील औषध सुरू करावे लागले, पण आतडे दुसऱ्यांदा कापण्याची वेळ एकावरही आली नाही. अशा मर्यादित आजारात दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा इन्फ्लिक्सिमॅबला वाजवी पर्याय आहे, असे युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये मान्य केले.

या आकड्यांवरून ‘सर्वांचेच लवकर ऑपरेशन करा’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पोटात गळू असलेले किंवा या भागाची शस्त्रक्रिया आधीच झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते. निष्कर्ष चांगले आले, त्यात रुग्णांच्या या निवडीचाही वाटा आहे.

मग अवघड रुग्ण कोणते? आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेले, पोटात गोळा किंवा गळू असलेले, फिश्चुला झालेले. या आजारात आतड्याला रक्त पुरवणारा पडदा जाड आणि ठिसूळ होतो, त्यामुळे रक्तस्राव आवरणे कठीण जाते. अनुभवी हातांत अशा काही रुग्णांवरही दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते, पण मध्येच पोट उघडावे लागण्याची शक्यता वाढते. तसे करणे हा पराभव नव्हे. तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. शिवाय दुर्बिणीतून काम करताना सर्जनला आतडे बोटांनी चाचपता येत नाही. म्हणून कुठे कुठे आतडे अरुंद झाले आहे, याचा नकाशा एमआरआय किंवा सीटी स्कॅनने आधीच हाती असावा लागतो.

निवडीइतकीच तयारीही महत्त्वाची. स्टेरॉइडचा मोठा डोस, रक्तातील कमी अल्ब्युमिन, रक्तक्षय आणि घटलेले वजन यांमुळे जोड गळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हाताशी काही आठवडे असतील तर गळूतील पू नळी घालून काढणे, प्रतिजैविके, पोषक आहार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड कमी करणे शक्य होते. आतडे फुटून रात्री-अपरात्री दाखल झालेल्या रुग्णाला हा अवधी मिळत नाही. त्याच्या वाट्याला मोठा छेद आणि कधी कधी पोटावर शौचाची पिशवीही येते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, क्षयरोगाचा. आतड्याच्या क्षयालाही नेमकी हीच जागा प्रिय. लक्षणे, कोलोनोस्कोपीतील व्रण, एवढेच काय बायोप्सीही कधी कधी चकवते. क्षयरुग्णाला क्रोन्सचा समजून स्टेरॉइड वा इन्फ्लिक्सिमॅब दिले तर क्षय पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या देत राहिल्यास तेवढ्यात आतडे आक्रसत जाते आणि सोप्या शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. म्हणूनच शंकेपोटी क्षयाचे उपचार सुरू केले असतील, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले की नाही हे पाहणे गरजेचे आहे. नुसते ‘बरे वाटते’ यावर विसंबून चालत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर रुग्णाने म्हणूनच ‘दुर्बिणीतून होईल ना’च्या पुढचे प्रश्न विचारावेत. आजार किती लांबीत आहे? गळू किंवा फिश्चुला आहे का? क्षयाची शक्यता तपासली का? पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून विचार केला आहे का? क्रोन्सच्या अशा शस्त्रक्रिया या पथकाने किती केल्या आहेत? आणि शस्त्रक्रियेनंतर काय? धूम्रपान कायमचे सोडायचे आणि सहा महिने ते वर्षभरात कोलोनोस्कोपी करून घ्यायची, हे त्याचे उत्तर. हे प्रश्न पोटात कळ नसताना, शांतपणे विचारलेले बरे. सर्जनची भेट घेतली म्हणजे ऑपरेशनला होकार दिला, असे होत नाही.