गळतीचा हिशेब



श्रावणातील एका रविवारी पुतण्याच्या मुळशीच्या शेतघरी जाण्याचा योग आला. पाहुण्यांच्या रपेटीसाठी त्याने दोन एटीव्ही, म्हणजे चिखलवाटेवर चालणाऱ्या, हँडलच्या चारचाकी गाड्या ठेवल्या आहेत. शेडमध्ये एका गाडीखाली काळे ऑइल पसरले होते आणि पागोळ्यांच्या पाण्याबरोबर त्याचा तवंग ओहोळाकडे निघाला होता. हा ओहोळ धरणाला मिळतो. त्याच वेळी स्वयंपाकघरात वहिनी पिण्याचे पाणी गाळण्याने गाळीत होत्या. मन अस्वस्थ झाले.

“काका, अशा गाड्यांना थोडी गळती असायचीच,” पुतण्या म्हणाला. मी कागद मागितला. गाडी चालू असताना दहा सेकंदांना एक थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे धरले. रोजच्या चार तासांत ७२ मिलिलिटर आणि महिन्यात दोन लिटरांहून अधिक! अशा अनेक गाड्यांच्या इंजिनात मुळात ऑइल असते ते सुमारे दोन लिटर. पातळी न पाहता गाडी चालवीत राहिल्यास इंजिन जाम होऊन हंगामाची कमाई जाते. ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर आगीचे भय, ब्रेकवर उतरले तर उतारावर पाहुण्याच्या जिवाला धोका.

मेकॅनिकने पंधरा दिवसांपूर्वी गळतीवर बाहेरून सिलिकॉनचा लेप दिला होता. हिशेबातील फरक सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळवावा, तसाच हा प्रकार. फरक मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

गळतीचे मूळ शोधण्याची रीत साधी आहे. थेंब जेथून पडतो तेथेच दोष असतो असे नाही, कारण ऑइल वरून ओघळत खाली येते. इंजिन थंड असताना धुऊन पूर्ण कोरडे करावे, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी काही मिनिटे चालू ठेवावी. पावडर सर्वांत वर जेथे प्रथम ओली होते, तेथे मूळ असते. ड्रेन प्लगचा वॉशर, फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि शाफ्टची ऑइल सील ही नेहमीची ठिकाणे. दाट, उग्र वासाचे तेल असेल, तर ते गिअर ऑइल समजावे.

आमच्या गाडीत पावडर शाफ्टच्या सीलपाशी ओली झाली. मात्र खरे कारण सीलमध्ये नव्हते. इंजिनातील दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपाचे तोंड वाळलेल्या चिखलाने बुजले होते आणि ऑइलही खुणेच्या वर भरले होते. कोंडलेला दाब सीलच्या कडेतून ऑइल बाहेर ढकलीत होता. आधी पाइप मोकळा केला, ऑइल खुणेवर आणले, मग सील बदलली. नुसती सील बदलली असती, तर तीही टिकली नसती.

पुढील काळजी थोडकी आहे. प्रत्येक ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा वॉशर नवा घालावा. प्लग जोर लावून न आवळता कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने आवळावा, अन्यथा अॅल्युमिनियमचे आटे जातात. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रीदर पाइप पाहावा. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे जाणून ते त्वरित बदलावे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी तोच रोजकीर्द होतो.

राहिला प्रश्न जळक्या ऑइलचा. ते जमिनीत ओतणे, कुंपणाच्या खांबांना फासणे किंवा चुलीत जाळणे हे सर्वस्वी वर्ज्य. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पुढे कुंडलिका नदीत उतरते. आपल्या शेडमधील तवंग कोणाच्या दारी पोहोचेल, हे कसे सांगावे?

पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे. टाकाऊ वस्तू जीवांना बाधा होणार नाही अशा जागी, पाहून टाकावी, हा तिचा आशय. ती साधूंसाठी सांगितली असली, तरी गृहस्थाने तिच्यातील यतना आपल्या शेडपुरती तरी का पाळू नये? ज्या दिवसांत पावलागणिक जीव असतात म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात, त्याच दिवसांत आपण चिखलवाटा तुडवितो, हेही मी पुतण्याला सांगितले. तो काही बोलला नाही.

भाद्रपदात पुन्हा गेलो, तेव्हा दोन्ही गाड्या झाकून ठेवलेल्या होत्या. “पावसाळा संपेपर्यंत बंद,” तो म्हणाला. खालचा पुठ्ठा मी वाकून पाहिला. कोरडा होता.