बंदरावर उतरताना, लेकरे बरोबर असताना

'बोटीवर आहे' या दोन शब्दांना कोकणातल्या मुस्लिम घरांत ठरलेला अर्थ होता. घरातला कर्ता पुरुष वर्षातले नऊ-दहा महिने दर्यावर, आणि घरच्यांचे डोळे टपालाकडे. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून कोणी खलाशी म्हणून गेला, कोणी भंडारी, कोणी सारंग. आज त्याच घरांतली नातवंडे तिकीट काढून बोटीवर चढत आहेत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली कोकणी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत साउदम्प्टन बंदरातून नॉर्वेच्या सफरीला जातात आणि गावाकडच्या आईवडिलांनाही बोलावून घेतात. म्हणून हा विषय आता आपल्या मासिकाच्या वाचकांचाही झाला आहे.

या सफरीबद्दल आम्हाला विचारले जाते ते सहसा बोटीविषयी नसते. बोटीवर खाणे, झोपणे, मुलांचे खेळ, सारे हाताशी असते. खरी काळजी बंदराची. सात रात्रींच्या सफरीत साधारण तीन-चार बंदरे लागतात आणि प्रत्येक ठिकाणी बोट दिवसभर थांबते. 'तीन वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी आणि बरोबर साठी ओलांडलेले सासू-सासरे. थंडी-पावसात खाली उतरून काय काय बघता येईल?' असा प्रश्न येतो. आमचे पहिले उत्तर असे असते की 'काय काय' मधला एक 'काय' आधी खोडा. लहान मूल बरोबर असेल तर एका बंदरावर एकच गोष्ट.

हे आम्ही का म्हणतो, त्याचे साधे गणित मांडू. समजा, बोट सकाळी 8 ला लागते आणि संध्याकाळी 5 ला सुटते. कागदावर 9 तास झाले. पण सगळ्यांनी चढून व्हायची वेळ बहुधा अर्धा तास आधीची, म्हणजे 4:30. नाश्ता, दोन मुलांच्या अंगावर तीन-तीन थर चढवणे, ऐन वेळी लागलेली शू, उतरण्याची रांग, यांत 9:30 वाजतात. परतताना एक तास हाताशी ठेवला तर 3:30 ला माघारी फिरायला हवे. राहिले 6 तास. त्यातून बाळाची दीड तासाची झोप, तासाभराचे जेवण, कपडे-डायपर बदलण्याचा एक तास वजा करा. हाती अडीच तास उरतात. आठ तासांची, चार ठिकाणे दाखवणारी बसची सहल या अडीच तासांत बसवायला गेलो, की जे तास कमी पडतात ते मुलाच्या झोपेतून आणि आईच्या जिवातून काढले जातात. शाळेच्या सहली नेणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे तोंडपाठ असते. वर्गाची चाल सर्वांत लहान पावलांवरून ठरते.

आता बंदरे एकेक पाहू.

बर्गन हे नॉर्वेतले दुसऱ्या क्रमांकाचे शहर, आणि पावसासाठी प्रसिद्ध. तिथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक पडतो, म्हणजे आकडा आपल्याला घाबरवणारा नाही. फरक असा, की आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, त्यांचा बारा महिन्यांवर पसरलेला असतो. शिवाय आपला पाऊस उबदार आहे, मुले त्यात मुद्दाम भिजतात. बर्गनला जुलैच्या दुपारीही पारा 15 ते 18 अंशांच्या आसपास रेंगाळतो. तिथे भिजलेले मूल अर्ध्या तासात कुडकुडते.

तरीही लहान मुलांसाठी बर्गन हे सोयीचे बंदर. मासळी बाजारापासून पाच मिनिटांच्या अंतरावर फ्लोयबानेन ही डोंगर चढणारी रेल्वे सुटते. 1918 पासून ती चालू आहे आणि काही मिनिटांत 320 मीटर उंचीवर नेऊन सोडते. वर मुलांना खेळायला मोठे मैदान आहे, उन्हाळ्यात बकऱ्या मोकळ्या चरत असतात, खाली सगळे शहर आणि आपली बोट खेळण्यासारखी दिसते. बाबागाडी वरपर्यंत जाते. खाली आल्यावर मोठ्यांना ब्रुगेनची लाकडी घरे पाहता येतील. जर्मन व्यापाऱ्यांची ही वखार 1702 च्या आगीत जळाली, पुन्हा जुन्याच धर्तीवर बांधली गेली आणि 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मुलांना तिथे दहा मिनिटे पुरे.

फ्लोम हे खेडे एका फ्योर्डच्या टोकाला आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्र शिरून झालेली लांब खाडी. इथे रेल्वे स्थानक धक्क्याला लागूनच आहे. फ्लोमची रेल्वे 20 किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून 866 मीटरवरच्या म्यूरडालला चढते, वाटेत 20 बोगदे घेते आणि शोसफोसेन धबधब्यापाशी थोडा वेळ थांबते. एका बाजूला सुमारे तास लागतो. बंद डबा, खिडकीपाशी मूल, मांडीवर बाळ, आणि आजी-आजोबांना चढण नाही. तीन पिढ्यांना एकत्र जमेल अशी याहून चांगली सहल आम्हाला दिसत नाही. मात्र बोटीच्या दिवशी तिकिटे लवकर संपतात, तेव्हा आरक्षण आधी करावे.

गेइरांगरच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, इथे मोठ्या बोटी बहुधा पाण्यातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. अशा होडीत बाबागाडी घडी करावी लागते आणि बाळ हातात घ्यावे लागते. म्हणून एका हाताने मिटणारी हलकी गाडी किंवा बाळाला अंगाशी बांधायची झोळी बरी. दुसरी, डाल्सनिब्बा या जवळपास दीड हजार मीटर उंचीच्या कड्यावर नेणारी बस. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे सातवी-आठवीच्या भूगोलाचे गणित. खाली 14 अंश असतील तर वर 4-5 अंश, आणि वारा वेगळा. जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फ असू शकतो. रस्ता नागमोडी, त्यामुळे ओकारीची तयारी ठेवावी. तीन वर्षांच्या मुलाला तो कडा दाखवलाच पाहिजे असे नाही. गावातूनच धबधब्याच्या काठाने 327 पायऱ्यांची वाट वर जाते. तिला पैसे पडत नाहीत आणि मुलाचे पाय थकले की तिथून परत फिरता येते. शिवाय बोट फ्योर्डमध्ये शिरते-निघते तेव्हा 'सात बहिणी' नावाचा धबधबा डेकवरूनच दिसतो. तो पाहायला उतरावेही लागत नाही.

स्टाव्हांगरला उतरले की जाहिरातीत प्राइकेस्टोलेनचा कडा दिसतो. फ्योर्डपासून 604 मीटर उंच, जाऊन-येऊन आठ किलोमीटर खडकाळ चाल. तरुणांनी जरूर जावे. लेकुरवाळ्यांसाठी बंदराच्या काठावर तेलाचे संग्रहालय आहे. नाव रुक्ष वाटेल, पण समुद्रातून तेल कसे काढतात हे मुलांना हाताळून पाहता येते. शेजारी तेल उद्योगाच्या टाकाऊ सामानातून केलेले खेळाचे मैदान आहे. पाऊस आला तर आत, थांबला तर बाहेर. मुले असताना अशीच जागा निवडावी, जिथे छप्पर आणि स्वच्छतागृह दोन्ही जवळ असतील.

थंडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिची भीती एकीकडे जास्त असते आणि दुसरीकडे कमी. नॉर्वेतल्या बालवाड्यांत मुलांना पावसापाण्यातही रोज बाहेर खेळायला नेतात. तेव्हा थंड हवेने मूल आजारी पडेलच असे नाही. त्रास होतो तो ओलाव्याने, वाऱ्याने आणि एका जागी बसून राहण्याने. चालणारा माणूस स्वतःची ऊब तयार करतो. गाडीतले बाळ ती करू शकत नाही, आणि लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडते. आई चालून घामेजलेली असते तेव्हा बाळ गारठलेले असू शकते.

म्हणून कपडे तीन थरांत. आतला थर लोकरीचा किंवा घाम शोषून न ठेवणारा, कारण सुती बनियन ओला झाला की अंगाला चिकटतो आणि गार पडतो. मधला उबदार. बाहेरचा पाणी आणि वारा अडवणारा, शक्यतो पायापर्यंतचा. कानटोपी, पातळ हातमोजे, आणि मोज्यांचे दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या पिशवीत. मूल उबदार आहे का हे हात लावून पाहायचे तर मानेमागे पाहा, बोटे नेहमीच गार लागतात. रडणाऱ्या मुलाकडे सगळे बघतात. थंडीत खेळते मूल एकाएकी गप्प, पेंगुळलेले झाले किंवा सतत कुडकुडू लागले, तर सहल तिथेच थांबवून आत जावे, ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत. तिकीट कितीचे होते याचा हिशेब नंतर.

सहल बोटीच्या कंपनीची घ्यावी की बाहेरची? बाहेरची स्वस्त पडते आणि आपल्या चालीने करता येते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते किंवा पुढच्या बंदरावर पोहोचवायची व्यवस्था कंपनी करते. स्वतः फिरणाऱ्यासाठी बोट थांबत नाही. आमचा सल्ला असा, की बंदरातून पायी जाता येईल ते स्वतः करा, आणि बसने दूर जायचे असेल तर कंपनीबरोबर जा. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: बस न थांबता किती वेळ चालते, बाबागाडी आणि लहान मुलाचे आसन मिळते का, वयाची अट आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे. घड्याळही जपा. नॉर्वे ब्रिटनच्या एक तास पुढे आहे. बोट आपले घड्याळ बदलते की नाही हे त्या दिवशीच्या सूचनापत्रात पाहावे. मोबाइल किनाऱ्याची वेळ दाखवतो, बोट तिच्या वेळेने सुटते.

गावाहून येणाऱ्या आई-वडिलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ब्रिटनचा व्हिसा म्हणजे नॉर्वेचा व्हिसा नव्हे. भारतीय पासपोर्टवर नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि ब्रिटनमध्ये परतायचे असल्याने तिथला व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. बोटीचे तिकीट काढण्याआधी हे पक्के करा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, तेही आधी विचारा.

नमाजचेही आधी ठरवावे. जूनअखेर बर्गनला सूर्य रात्री 11 नंतर मावळतो आणि पहाटे सव्वाचारच्या सुमारास उगवतो. रात्रभर पुरता अंधार होत नाही. मगरिबनंतर इशा कधी धरायची, याबद्दल निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून वेळापत्रक लिहून घ्या. आपण इथे पश्चिमेला तोंड करतो, तिथे किबला आग्नेयेला येतो, आणि बोट वळते तशी खोलीतली दिशा बदलते. होकायंत्र घेऊन दिशा शोधण्याचे काम मोठ्या मुलाकडे सोपवा, त्याला ते आवडते. याच उजेडामुळे मुले झोपत नाहीत. खोलीचे पडदे वेळेवर ओढून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे बंदर किरकिरीत जाते.

खाण्याचे म्हणाल तर हलालची विनंती आरक्षणाच्या वेळीच लेखी करावी. किनाऱ्यावर मासे भरपूर मिळतात, पण माशांच्या सुपात कधी वाइन असते, तेव्हा विचारून घ्यावे. बर्गनचा दालचिनीचा गोल पाव मुलांना आवडतो. बोटीवरचे कोणते पदार्थ बरोबर नेता येतील, हे स्वागतकक्षात विचारा.

शेवटची गोष्ट आईची. अशा सफरीत सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलेच पाहिजे, हा हट्ट बहुधा तिच्याच पाठीवर बसतो. सकाळी अब्बांनी मोठ्या मुलाला डोंगरावरच्या रेल्वेत न्यावे, आईने बाळाबरोबर बोटीवर निवांत राहावे. दुपारी बाळ दादीजवळ झोपले असताना आईने एकटीने तासभर बंदरावर फिरून यावे. एखाद्या बंदरावर कोणीच उतरले नाही तरी काही बिघडत नाही. रिकाम्या बोटीवर त्या दिवशी पोहण्याचा तलाव मुलांचाच असतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर प्रत्येक बंदरासमोर तीनच गोष्टी लिहाव्यात: जायचे ते एक ठिकाण, पाऊस आला तर दुसरे, आणि माघारी फिरण्याची वेळ. ठिकाण कुणीही सुचवावे. माघारी फिरण्याची वेळ मात्र आईला विचारून लिहावी.